१२. माहेरचे नाव, सासरचे नाव

१२.१ प्रस्तावना

घरात जपून ठेवलेली एखादी जुनी लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ अशी अक्षरे असतात आणि पुढे तिचे माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर त्याच मुलीला आलेल्या पत्रांवर मात्र ‘सौ.’ या अक्षरापुढे नवेच नाव दिसते. व्यक्ती तीच, पण नाव दुसरे. हा बदल इतका सवयीचा झाला आहे की त्याविषयी प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रश्न उभा राहतो तो कागदपत्रे हातात घेतल्यावर. वीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करू इच्छिणाऱ्या स्त्रीचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा असतो आणि शिधापत्रिका सासरच्या नावाची. सासरी दोन आडनावे असतील, तर गुंता आणखी वाढतो. त्यांतील कोणते घ्यावे? दोन्ही घ्यावीत का? की स्वतःचेच ठेवावे? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार परंपरा, भाषा, कायदा आणि व्यवहार अशा चार अंगांनी केला आहे.

१२.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• मराठी नावाची रचना स्पष्ट करता येईल;
• दोन आडनावे कशी निर्माण होतात, हे उदाहरणांसह सांगता येईल;
• विवाहानंतर आडनाव बदलण्याविषयी कायद्याची भूमिका सांगता येईल;
• जोडीदाराची दोन आडनावे असल्यास उपलब्ध असलेल्या पर्यायांची तुलना करता येईल;
• कागदपत्रांवरील नावाच्या एकरूपतेचे महत्त्व पटवून देता येईल.

१२.३ मूलपाठ

मराठी नावाची घडण

रूढ मराठी पद्धतीने लिहिलेल्या पूर्ण नावाचे तीन घटक असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. भारतात सर्वत्र ही पद्धत नाही. तामिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर स्वतःच्या नावाआधी लावण्याची रीत आहे, आणि अनेकांना आडनाव असे नसतेच. शीख समाजात पुरुषांच्या नावापुढे ‘सिंग’ व स्त्रियांच्या नावापुढे ‘कौर’ येते. म्हणजे नावाची रचना निसर्गाने ठरवलेली नाही. ती समाजाने घडवलेली आहे.

मराठी पद्धतीत विवाहाचा परिणाम नावाच्या तिन्ही घटकांवर होऊ शकतो. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे आडनाव येते आणि अनेक घरांत स्वतःचे नावही बदलते. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरून वर त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो आणि मग पेढे किंवा साखर वाटली जाते. या प्रसंगात कौतुक असते, आपलेपणही असते. पण त्याच क्षणी अठरा-वीस वर्षे ज्या हाकेला तिने ‘ओ’ दिली, ती हाक घरातून नाहीशी होते.

मराठी भाषेने हा अनुभव एका शब्दात नोंदवून ठेवला आहे. विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव सांगताना ‘पूर्वाश्रमीच्या’ असे म्हणतात. पूर्वाश्रम म्हणजे आधीचा आश्रम, आधीची जीवनावस्था. संन्यास घेतलेल्या माणसाच्या पूर्वायुष्याविषयी बोलताना हाच शब्द वापरला जातो, कारण संन्यासी घर सोडतो आणि जुने नावही सोडतो. संन्याशाने ते स्वेच्छेने सोडलेले असते. वधूला मात्र बहुधा कोणी विचारलेलेही नसते.

तीन स्त्रिया, तीन वाटा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या बदलाच्या खुणा ठळकपणे दिसतात. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे आत्मचरित्र १९१० साली प्रसिद्ध करणाऱ्या रमाबाई रानडे माहेरी यमुना कुर्लेकर होत्या. दोघींनीही सासरच्या नावानेच कीर्ती मिळवली. आज त्यांची माहेरची नावे अभ्यासकांनाच ठाऊक असतात.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी होती. त्यांचे माहेरचे आडनाव डोंगरे. १८८० साली त्यांचा विवाह बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झाला. परंतु जगाने त्यांना ओळखले ते त्यांच्या विद्वत्तेने मिळवलेल्या उपाधीने. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी त्यांना पित्याकडून किंवा पतीकडून आलेल्या नव्हत्या.

तिसरी वाट मालती बेडेकर यांची. माहेरी त्या बाळूताई खरे होत्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह त्यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. पुढे विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. एका नावाने त्या वाढल्या, दुसऱ्या नावाने त्यांनी संसार केला आणि तिसऱ्या, स्वतः निवडलेल्या नावाने त्या बोलल्या. स्त्रियांच्या कोंडमाऱ्याविषयी उघडपणे लिहिण्यासाठी त्यांना त्या तिसऱ्या नावाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाठगत प्रश्न १२.१

कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(१) विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव सांगताना ............ हा शब्द वापरला जातो. (चिरंजीव / पूर्वाश्रमीच्या / सौभाग्यवती)
(२) रमाबाई रानडे यांचे माहेरचे आडनाव ............ होते. (गोखले / डोंगरे / कुर्लेकर)
(३) ‘विभावरी शिरूरकर’ हे ............ यांचे टोपणनाव होते. (मालती बेडेकर / लक्ष्मीबाई टिळक / पंडिता रमाबाई)

दोन आडनावांचा उगम

काही कुटुंबांची आडनावे मुळातच दुहेरी असतात. मराठी आडनावे अनेक मार्गांनी आली. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही आडनावे अधिकारपदांवरून पडली. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून असंख्य आडनावे तयार झाली. पद आणि गाव, किंवा मूळ कुळ आणि गाव, असे दोन घटक एकत्र टिकून राहिले की दुहेरी आडनाव तयार होते. फलटणचे नाईक-निंबाळकर घराणे प्रसिद्ध आहे. त्यातील ‘नाईक’ हा सन्मानाचा किताब आहे, तर ‘निंबाळकर’ हे निंबळक गावावरून आलेले नाव. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातील होत. सावंतवाडीच्या संस्थानिकांचे आडनाव सावंत-भोसले असे सांगितले जाते.

कोकण आणि गोव्यातही अशी आडनावे पुष्कळ आढळतात. ‘शणै गोंयबाब’ या नावाने ओळखले जाणारे कोकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांचा जन्म १८७७ साली गोव्यातील डिचोली येथे झाला. त्यांच्या नावात ‘वर्दे’ आणि ‘वालावलीकर’ असे दोन्ही घटक आहेत.

दुहेरी आडनावाचा दुसरा मार्ग आधुनिक आहे. गेल्या काही दशकांत अनेक स्त्रिया माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे लावू लागल्या. माहेरच्या आडनावानंतर संयोगचिन्ह आणि पुढे सासरचे आडनाव, अशी ही रचना असते. विवाहापूर्वी मिळवलेली पदवी, नोकरी किंवा नावलौकिक पुसला जाऊ नये आणि नव्या कुटुंबाशी नातेही दिसावे, असा त्यामागचा हेतू असतो. अशा आईचे जोडआडनाव काही वेळा मुलांकडेही येते.

आता पुढच्या पिढीचा प्रश्न समोर येतो. समजा, जोशी आडनावाच्या मुलीचा विवाह ज्याच्याशी ठरला आहे, त्याचे आडनाव दोन शब्दांचे आहे. तिने दोन्ही आडनावांची भर स्वतःच्या आडनावात घातली, तर तिची आडनावे तीन होतात. तिच्या मुलीने पुढे तोच मार्ग धरला, तर ती संख्या आणखी वाढते. कोठेतरी निवड करावीच लागते. ती कोणी आणि कशाच्या आधारे करायची, हाच खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

विवाहानंतर पत्नीने पतीचे आडनाव लावलेच पाहिजे, अशी तरतूद हिंदू विवाह अधिनियम, १९५५ यात नाही आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ यातही नाही. आडनाव बदलणे ही रूढी आहे, कायदेशीर सक्ती नव्हे. माहेरचे आडनाव कायम ठेवल्याने विवाहाची वैधता कमी होत नाही, आणि सासरचे आडनाव लावल्याने ती वाढतही नाही. विवाहाचा पुरावा विवाहनोंदणीतून मिळतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात विवाहनोंदणीविषयी १९९८ चा कायदा आहे.

आडनाव बदलले की माहेरच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, असा एक समज ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही भागांत आढळतो. तो चुकीचा आहे. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ याने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. हा हक्क जन्माने मिळतो, आडनावाने नव्हे, आणि विवाहामुळे तो नाहीसा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या हक्काचे जन्मसिद्ध स्वरूप पुन्हा स्पष्ट केले.

नावातील आईच्या स्थानाविषयीही बदल घडत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची शासकीय नोंद ‘बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव’ या क्रमाने करावयाची आहे. मराठी नावाच्या तीन घटकांत अशा रीतीने चौथ्या घटकाची भर पडली आहे.

जोडीदाराची दोन आडनावे असतील तर

अशा वेळी वधूपुढे मुख्यतः चार पर्याय असतात.

पहिला पर्याय स्वतःचे आडनाव कायम ठेवण्याचा. यात कोणतेही कागदपत्र बदलावे लागत नाही. शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सर्वत्र एकच नाव राहते. काही कुटुंबांत वडीलधाऱ्यांची समजूत काढावी लागते, एवढीच काय ती अडचण.

दुसरा पर्याय जोडीदाराची दोन्ही आडनावे स्वीकारण्याचा. पती, पत्नी व मुले यांचे आडनाव त्यामुळे सारखे राहते. मात्र नाव लांबते आणि छापील अर्जाच्या चौकटीत ते कसे बसवायचे, हे नीट ठरवावे लागते.

तिसरा पर्याय दोनपैकी रोजच्या वापरातले एकच आडनाव घेण्याचा. हा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात एक धोका दडलेला आहे. पतीच्या कागदपत्रांवर दोन आडनावे आणि पत्नीच्या कागदपत्रांवर एकच, असे झाल्यास मुलांच्या जन्मनोंदणीच्या वेळी कोणते आडनाव लिहायचे, असा प्रश्न पडतो.

चौथा पर्याय स्वतःचे आडनाव राखून त्याला जोडीदाराचे एक किंवा दोन्ही आडनाव जोडण्याचा. यात दोन्ही घरांची आठवण राहते, पण लेखनातील चुकांची शक्यताही सर्वांत अधिक असते.

कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहिली पाहिजे. जोडीदाराच्या जन्मदाखल्यावर आणि शालेय प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे? बोलण्यात दोन आडनावे असतात आणि कागदावर एकच असते, असे अनेकदा आढळते. काही वेळा पहिले आडनाव एका कागदावर मधल्या नावाच्या चौकटीत गेलेले असते आणि दुसऱ्या कागदावर आडनावाच्या चौकटीत. पायाच असा डळमळीत असेल, तर त्यावर नवे नाव उभारणे शहाणपणाचे नाही.

पाठगत प्रश्न १२.२

पुढील विधाने बरोबर की चूक ते लिहा.
(१) हिंदू विवाह अधिनियमानुसार पत्नीला पतीचे आडनाव लावणे बंधनकारक आहे.
(२) आडनाव बदलले तरी मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क कायम राहतो.
(३) ‘नाईक-निंबाळकर’ या आडनावातील दुसरा घटक गावावरून आलेला आहे.

अन्य देशांतील रीती

प्रत्येकाला दोन आडनावे असणे ही काही देशांतील सर्वसाधारण रीत आहे. स्पेनमध्ये पहिले आडनाव परंपरेने वडिलांकडून आणि दुसरे आईकडून येते. चित्रकार पाब्लो पिकासो यांच्या वडिलांचे आडनाव रुईझ होते; पिकासो हे आईचे आडनाव. कवी फेदेरीको गार्सिया लोर्का यांच्या नावातील ‘गार्सिया’ पित्याचे, तर ‘लोर्का’ मातेचे. स्पेनमध्ये विवाहानंतर स्त्री स्वतःची दोन्ही आडनावे तशीच ठेवते. मुलांना आईवडिलांकडून एकेक आडनाव मिळते. त्यामुळे आडनावांची संख्या पिढ्यानपिढ्या दोनच राहते. कोणते आडनाव आधी लावायचे, हे ठरवण्याचा अधिकारही आता आईवडिलांना आहे.

पोर्तुगालमध्ये आईचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी लिहिण्याची रूढी आहे. तेथील नागरी संहितेनुसार पती किंवा पत्नी स्वतःची आडनावे राखून जोडीदाराची जास्तीत जास्त दोन आडनावे त्यांना जोडू शकते. ही मुभा दोघांनाही सारखीच आहे. जर्मनीत १ मे २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने पती-पत्नी दोघांनाही मिळून जोडआडनाव घेण्याची सोय झाली. जपानमध्ये मात्र नागरी संहितेनुसार विवाहानंतर पती-पत्नीचे आडनाव एकच असावे लागते, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ साली हा नियम वैध ठरवला.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुटुंबाचे ऐक्य आडनावाच्या ऐक्यावर अवलंबून नसते. स्पेनमधील आई, वडील आणि मूल या तिघांची आडनावे वेगवेगळी असतात, तरी ते एकच कुटुंब असते.

कागदपत्रांचे भान

आडनाव बदलायचे ठरल्यास सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र. जुने नाव आणि नवे नाव एकाच व्यक्तीचे आहे, हे जोडून दाखवणारा तो दुवा असतो. गरजेप्रमाणे राजपत्रातही नावबदल प्रसिद्ध करता येतो. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो. इतर राज्यांत राहणाऱ्यांना भारताच्या राजपत्राचाही मार्ग खुला आहे. गोव्यात नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे.

आधार कार्डावरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून लग्नाच्या गडबडीत, कोणाच्या तरी सांगण्यावरून, घाईने बदल करणे योग्य नव्हे. आधी एकदा एक आडनाव लावले आणि नंतर दोन्ही लावायचे ठरवले, तर दोन्ही संधी संपतात. पॅन कार्ड आणि आधार यांवरील नाव जुळणेही आवश्यक असते.

नवे नाव एकदा ठरले की ते मराठीत व रोमन लिपीत कसे लिहायचे, दोन आडनावांमध्ये संयोगचिन्ह ठेवायचे की केवळ जागा सोडायची, हे कागदावर लिहून ठेवावे आणि पुढे सर्वत्र अक्षरशः तसेच लिहावे. पूर्वीचे शालेय दाखले व गुणपत्रिका सामान्यतः जुन्याच नावाने राहतात. ते निरुपयोगी झाले असे समजून टाकून देऊ नयेत. विवाहनोंदणीच्या प्रमाणपत्रासह ते जपून ठेवावेत. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे दार अनेकदा त्याच जुन्या दाखल्याने उघडते.

निवडीचा अर्थ

सासरचे नाव आनंदाने स्वीकारणारी स्त्री मागासलेली ठरत नाही आणि माहेरचे नाव राखणारी स्त्री उर्मट ठरत नाही. दोघींनी विचार करून निवड केली असेल, तर दोघींचाही निर्णय सारख्याच आदरास पात्र आहे. आक्षेप घ्यावा तो न विचारता केलेल्या बदलाला. दुहेरी आडनावाच्या घरात येणाऱ्या वधूला ‘तू कोणते नाव लावणार?’ असे विचारावेच लागते, कारण तेथे ठरलेले एकच उत्तर नसते. हाच प्रश्न प्रत्येक घरात, प्रत्येक वधूला विचारला गेला पाहिजे. तांदळावर अंगठीने नाव जरूर लिहावे; ते कोणते असावे, हे मात्र जिचे नाव आहे तिने सांगावे.

१२.४ शब्दार्थ

पूर्वाश्रम – आधीची जीवनावस्था
उपाधी – विद्वत्तेमुळे किंवा कर्तृत्वामुळे मिळालेली पदवी
रूढी – समाजात चालत आलेली रीत
वैधता – कायद्याने मान्य असणे
संयोगचिन्ह – दोन शब्द जोडणारी आडवी लहान रेघ
एकरूपता – सर्वत्र सारखेपणा

१२.५ भाषाविचार

‘वालावल’ या गावावरून ‘वालावलीकर’ आणि ‘निंबळक’ या गावावरून ‘निंबाळकर’ अशी आडनावे तयार झाली. ‘कर’ हा प्रत्यय ‘त्या गावचा रहिवासी’ असा अर्थ दाखवतो. प्रत्यय लागताना गावाच्या नावाच्या रूपात थोडा बदल होऊ शकतो, हे या उदाहरणांत पाहा. तुमच्या परिचयातील अशी पाच आडनावे लिहा आणि त्यांची मूळ गावे शोधण्याचा प्रयत्न करा.

१२.६ तुम्ही काय शिकलात?

• मराठी पद्धतीत विवाहानंतर नावाचे तिन्ही घटक बदलण्याची रूढी आहे.
• पद, गाव, कुळ किंवा आईवडिलांची आडनावे एकत्र आल्याने दुहेरी आडनावे तयार होतात.
• आडनाव बदलण्याची सक्ती विवाहाच्या कायद्यांत नाही. आडनावावर मालमत्तेचा हक्कही अवलंबून नाही.
• जोडीदाराची दोन आडनावे असल्यास त्याची कागदपत्रे तपासून, विचारपूर्वक एकच रूप निश्चित करावे.
• नाव बदलणे किंवा राखणे हा जिचे नाव आहे तिचा निर्णय असावा.

१२.७ पाठान्त प्रश्न

(१) ‘पूर्वाश्रमीच्या’ या शब्दातून विवाहित स्त्रीच्या अनुभवाविषयी काय सूचित होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
(२) जोडीदाराची दोन आडनावे असल्यास वधूपुढील चार पर्यायांची तुलना करा. तुम्हांला कोणता पर्याय योग्य वाटतो? कारणे द्या.
(३) स्पेनमधील आडनावाची रीत आणि मराठी रीत यांतील दोन फरक सांगा.
(४) ‘आडनाव एक असले म्हणजेच कुटुंब एक असते’ या मताविषयी आठ ते दहा ओळी लिहा.
(५) उपक्रम : तुमच्या घरातील तीन पिढ्यांमधील स्त्रियांची विवाहापूर्वीची पूर्ण नावे विचारून त्यांची यादी करा. कोणाचे नाव कोणालाच आठवत नसेल, तर तसेही नोंदवा.

१२.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१२.१ – (१) पूर्वाश्रमीच्या (२) कुर्लेकर (३) मालती बेडेकर
१२.२ – (१) चूक (२) बरोबर (३) बरोबर